व्हिएन्नाच्या दोन प्रसूतिशाळांचें कोष्टक
(साधनचिकित्सा)

इग्नाझ सेमेलवाइस याचा सूतिकाज्वरावरील जर्मन ग्रंथ १८६० च्या उत्तरार्धांत हार्टलेबेन यांनीं बाहेर काढला. मुखपृष्ठावर साल मात्र १८६१ आहे. ह्या ग्रंथाचा समावेश असलेला सेमेलवाइसविषयक संग्रह २०१३ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत नोंदला गेला. म्हणजे दप्तरखान्यांत जपून ठेवण्याजोगा कागद म्हणून त्यास राजमान्यता मिळाली आहे. वैद्यकाच्या दृष्टीनें त्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु साधन म्हणून, अर्थात् कोणत्या गोष्टीस हा ग्रंथ साक्षी आहे व कोणत्या गोष्टीस नाहीं, अशा दृष्टीनें त्याकडे पाहणारे थोडे. सुईण श्रेष्ठ कीं प्रसूतिवैद्य श्रेष्ठ, हा वाद जेथें जेथें निघतो तेथें ह्या ग्रंथांतील एक कोष्टक पुढें करण्यांत येतें. तें कोष्टक खरोखर काय सांगतें एवढेंच येथें तपासावयाचें आहे.

प्रथम स्थळाची ओळख. व्हिएन्नाचें सार्वजनिक इस्पितळ सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं उघडलें व त्यांतच प्रसूतिशाळा होती. १८३३ पर्यंत ही शाळा एकच होती. त्या सालीं तिचे दोन भाग झाले. तरीहि वैद्यकाचे विद्यार्थी आणि सुइणीचें शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया दोन्ही भागांत सारख्या वांटलेल्या असत. पुढें १० ऑक्टोबर १८४० च्या राजाज्ञेनें ही सरमिसळ मोडली. सर्व पुरुष विद्यार्थी पहिल्या शाळेंत, सर्व शिकाऊ सुइणी दुसऱ्या शाळेंत, अशी वांटणी ठरली. आज्ञा काढणाऱ्यांच्या मनांत अध्यापनाची सोय एवढाच हेतु असावा. आपण एक विलक्षण परीक्षाप्रयोग सुरू करीत आहों याची त्यांस कल्पनाहि नसेल.

ह्या वांटणीचें महत्त्व ध्यानांत येण्यास बाळंतिणी दाखल करून घेण्याची रीत समजली पाहिजे. सोमवारीं दुपारीं चार वाजतां पहिल्या शाळेचा वार सुरू होई, तो मंगळवारीं चारपर्यंत. मग दुसरीचा, मग पुन्हां पहिलीचा. शुक्रवारीं चारपासून रविवारीं चारपर्यंतचे अठ्ठेचाळीस तास मात्र पहिलीकडे असत. यामुळें पहिल्या शाळेस वर्षाकाठीं बावन दिवस अधिक येत, आणि तिच्यांतील प्रसूतींची संख्या दरसाल मोठी दिसते ती याच कारणानें. स्त्री कोणत्या शाळेंत जाणार हें तिची प्रकृति, वय किंवा गांव पाहून ठरत नसे. घड्याळ पाहून ठरत असे. दोन्ही शाळा एकाच आवारांत, बाळंतिणी त्याच गरीब वर्गांतल्या. म्हणून दोहोंच्या आंकड्यांची तुलना करणें रास्त ठरतें. इतकी निर्मळ तुलना जुन्या कागदांत क्वचितच हातीं लागते.

आतां आंकडे. १८४१ सालीं पहिल्या शाळेंत ३०३६ प्रसूति व २३७ मृत्यु. दुसरींत २४४२ प्रसूति व ८६ मृत्यु. १८४२ सालीं अनुक्रमें ३२८७ पैकीं ५१८ आणि २६५९ पैकीं २०२. १८४३ सालीं ३०६० पैकीं २७४ आणि २७३९ पैकीं १६४. १८४४ सालीं ३१५७ पैकीं २६० आणि २९५६ पैकीं ६८. १८४५ सालीं ३४९२ पैकीं २४१ आणि ३२४१ पैकीं ६६. १८४६ सालीं ४०१० पैकीं ४५९ आणि ३७५४ पैकीं १०५. सहा वर्षांची बेरीज पहिल्या शाळेची २०,०४२ पैकीं १९८९, दुसरीची १७,७९१ पैकीं ६९१. आम्हीं ह्या बेरजा पुन्हां करून पाहिल्या. त्या बरोबर जमतात. शेंकडेवारी मात्र सर्वत्र बरोबर नाहीं. पहिल्या शाळेचें प्रमाण ९.९२ हें ठीक आहे. दुसरीचें प्रमाण कांहीं पुस्तकांत ३.३८ असें छापलेलें आढळतें. भागाकार केला असतां तें ३.८८ येतें. आठाच्या जागीं तीन पडणें ही नकलकाराची नेहमींची चूक, आणि ती एकाचें पाहून दुसऱ्यानें उतरून घेत जाणें हीहि नेहमींचीच रीत. अर्ध्या टक्क्यानें सिद्धान्त ढळत नाहीं हें खरें. पण हें कोष्टक उद्धृत करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तें वाचलें आणि किती जणांनीं नुसतें उतरलें, हें ओळखण्यास ही खूण उपयोगी पडेल.

दुसऱ्या शाळेचें प्रमाण पहिलीस लागू असतें तर त्या सहा वर्षांत पहिलींत सुमारें पावणेआठशें स्त्रिया दगावल्या असत्या. दगावल्या १९८९. बाराशें स्त्रियांचें हें अंतर आहे, आणि तें पाहूनच सुइणींचे कैवारी म्हणतात कीं सुईण ही वैद्यापेक्षां सरस ठरली.

हें अनुमान घाईचें आहे. सेमेलवाइसच्याच ग्रंथांत १८४० पूर्वींचे आंकडे दिले आहेत, ते सहसा कोणी पाहत नाहीं. १७८४ पासून १८२२ पर्यंत शाळा अविभक्त होती. त्या काळांतील बराच भाग बोएर नांवाच्या अध्यापकाच्या अमलाखालीं गेला. तो प्रसूतीचें शिक्षण कृत्रिम पुतळ्यावर देई. प्रेतावर हात चालविण्यास त्याचा विरोध होता. ह्या संपूर्ण मुदतींत मृत्यूंचें प्रमाण सव्वा टक्का आहे. १८२२ नंतर क्लाइन आला व प्रेतावर अभ्यास सुरू झाला. १८२३ ते १८३२ ह्या वर्षांत शाळा अविभक्तच होती, पण प्रमाण ५.३ वर गेलें. १८३३ ते १८४० पर्यंत, शाळा दोन पण माणसें दोहोंत मिसळलेलीं, अशा स्थितींत पहिलीचें ६.५६ व दुसरीचें ५.५८. मग १८४१ पासून वर सांगितलेली फारकत.

हे चार थर एकाखालीं एक मांडून पाहावे. सर्वजण एकत्र असून शवच्छेदन नव्हतें तेव्हां मृत्यु अत्यल्प. एकत्र राहून शवच्छेदन आलें तेव्हां मृत्यु चौपट. दोन शाळांत वांटले तरी मिसळलेले राहिले तोंवर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच मृत्यु. वेगळे केले तेव्हां एकीकडे चढ व दुसरीकडे उतार. सहकार्य हें स्वभावतः तारक नाहीं व मारकहि नाहीं, असेंच यावरून निघतें. ज्यांच्या हातांस विष होतें त्यांच्याशीं एका खोलींत काम करणाऱ्या सुईणीकडेहि विषाचा वांटा आला. शिवाय १८४२ सालीं खुद्द सुइणींच्या शाळेंत शेंकडा ७.६ स्त्रिया मरण पावल्या, हें कैवाऱ्यांनीं विसरूं नये. आणि सहा वर्षांची तिची सरासरी घेतली तरी बोएरच्या वेळच्या तिप्पट भरते. त्या शाळेवर मुख्य बार्ट्श हा वैद्यच होता, त्याचे साहाय्यकहि वैद्यच. तेव्हां तिला निव्वळ सुइणींचें राज्य म्हणणें हीहि एक सोयीची समजूत होय.

यापेक्षांहि निर्णायक साक्ष पॅरिसची आहे. तेथील मातेर्निते ह्या प्रसूतिगृहांत शिकाऊ म्हणून केवळ सुइणी असत. लाशापेल बाईसारखी नामांकित मुख्य सुईण व बोदलोक यासारखा प्रसूतिवैद्य यांनीं मिळून त्या शाळेस लौकिक आणला होता. वैद्य व सुईण यांच्या सहकार्याचें उत्तम उदाहरण म्हणून कोणीहि तिचें नांव घ्यावें. असें असूनहि तेथें सूतिकाज्वर भयंकर होता. प्रतिपक्षानें हा आक्षेप सेमेलवाइसवर घेतला कीं, सुइणींच्या हातीं रोग होत नसेल तर पॅरिसांत तो कां होतो? त्याचें उत्तर ओसियांडर नांवाच्या जर्मन प्रवासी वैद्याच्या १८१३ च्या वृत्तांतांत सांपडलें. पॅरिसच्या शिकाऊ सुइणी शवच्छेदनास हजर राहत, व स्वतःहि चाकू चालवीत. हें उत्तर मार्मिक आहे. प्रश्न हात कोणाचा हा नसून हातास काय लागलेलें आहे हा होता, आणि परक्या देशांतील, परक्या हेतूनें लिहिलेल्या जुन्या प्रवासवर्णनांतून तो सुटला. साधनांचा असा उपयोग करणारा वैद्य आम्हांस संशोधकांच्या पंक्तीस बसविण्याजोगा वाटतो.

येथवर ग्रंथांतील अस्सल कागदाचा विचार झाला. त्या कागदाभोंवतीं जें कथन आहे तें निराळ्या जातीचें आहे. राजवाडे यांनीं १८९८ च्या आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी छाननी केली, तिची संवय असलेल्या वाचकास हा भेद लागलीच कळेल. कोष्टक हें दप्तरांतील नोंदीवरून आलेलें. कथन ही घटनेनंतर बारा-तेरा वर्षांनीं, विरोधकांनीं पोळलेल्या माणसानें लिहिलेली बखर. बखर म्हणून ती टाकाऊ नाहीं, पण तिची किंमत कोष्टकाएवढी धरतां येत नाहीं. गर्दी, हवा, भीति, आजाऱ्यापुढें घंटा वाजवीत जाणारा धर्मोपदेशक, बाळंतिणीस उताणें ठेवावें कीं कुशीवर ठेवावें, इत्यादि कारणें आपण एकामागून एक कशीं तपासलीं व टाकलीं याचें त्यानें जें सुसंगत वर्णन दिलें आहे, तें वाचतांना मागाहून बसविलेली घडी जाणवते. मनुष्य शोध लावीत असतां इतक्या सरळ रेषेंत चालत नाहीं. उलट, पहिल्या शाळेंत घालूं नका म्हणून बाया गुडघे टेकून, हात जोडून विनवीत, आणि वाटेंतच रस्त्यावर प्रसूत होऊन मग दाखल झालेल्या स्त्रिया मात्र ज्वरापासून बहुधा बचावत, ह्या गोष्टी खऱ्या धरण्यास हरकत नाहीं. त्या लेखकाच्या संस्थेस कमीपणा आणणाऱ्या असून त्यानें त्या लपविल्या नाहींत. आपल्याच हातून किती स्त्रिया अकालीं गेल्या हें ईश्वरास ठाऊक, अशा आशयाचा कबुलीजबाब त्यानें दिला आहे, तोहि याच वर्गांतला. स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष जड मानावी हा न्याय येथेंहि लागू आहे.

कथेचा कळस सर्वांस माहीत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. न्यायवैद्यकाचा अध्यापक कोलेट्श्का यास शवपरीक्षा चालू असतां एका विद्यार्थ्याचा चाकू बोटास लागला व १३ मार्च १८४७ रोजीं तो वारला. त्याच्या देहांतील विकृति बाळंतिणींच्या देहांतील विकृतीसारख्याच होत्या. मे महिन्याच्या मध्यास सेमेलवाइसनें हात क्लोरीनयुक्त पाण्यानें, व पुढें स्वस्त पडतें म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें धुण्याचा नियम घातला. एप्रिलांत ३१२ पैकीं ५७ मृत्यु होते. जूनमध्यें २६८ पैकीं ६, जुलैंत २५० पैकीं ३. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गर्भाशयाच्या वाहत्या कर्करोगाची एक स्त्री पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून हात नुसते साबणानें धुऊन इतरांस तपासलें, आणि तिच्याबरोबर प्रसूत झालेल्या बारांपैकीं अकरा मेल्या. तेव्हां विष प्रेताचेंच असतें असें नाहीं, जिवंत शरीरांतूनहि तें येतें, हें कळून दर रोग्यामागें हात धुणें आलें. १८४८ च्या आंकड्यांत पहिल्या शाळेंत ३५५६ पैकीं ४५ व दुसरींत ३३१९ पैकीं ४३ मृत्यु आहेत. दोन्ही शाळांमधील अंतर नाहींसें झालें. बोएरच्या वेळचा सव्वा टक्का पुन्हां आला, आणि ह्या वेळीं शवच्छेदन चालू असतांना आला.

ज्यांच्या जोरावर हा सर्व शोध उभा राहिला त्या दुसऱ्या शाळेंतील सुइणींविषयीं ग्रंथ जवळजवळ मुका आहे, आणि आमच्या मतें हा त्याचा सर्वांत मोठा दोष होय. सहा वर्षांत जवळजवळ अठरा हजार प्रसूति ज्या शाळेंत झाल्या, तेथील एकाहि शिकाऊ सुईणीचें नांव त्याच्या वादांत साक्षीदार म्हणून येत नाहीं. क्लाइन, स्कोडा, रोकिटान्स्की, हेब्रा, कोलेट्श्का, ब्राउन यांचीं नांवें पानोपानीं आहेत. सुइणी फक्त एका रकान्याचें शीर्षक आहेत. त्यांनीं बाळंतिणीस कसें हाताळलें, वैद्यास केव्हां बोलाविलें, बोलाविल्यावर त्यानें काय केलें, पलीकडच्या शाळेंतील मरणांविषयीं त्या आपसांत काय म्हणत, यांतील एकाहि गोष्टीचा पत्ता लागत नाहीं. इस्पितळांत सुईण व वैद्य यांनीं एकमेकांबरोबर कसें वागावें ह्या प्रश्नावर हा ग्रंथ प्रमाण म्हणून आणला जातो, पण दोन पक्षांपैकीं एकाची जबानी त्यांत घेतलेलीच नाहीं.

हें त्या काळीं अशक्य होतें असें नाहीं. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनचा सूतिकाज्वरावरील निबंध १७९५ चा, म्हणजे साठ-पासष्ट वर्षें आधींचा आहे. त्यांत ७७ रोग्यांची यादी आहे आणि त्या यादींत प्रसूति कोणी केली याचा रकाना आहे; सुइणींचीं नांवें त्यांत उघड छापलीं आहेत. रोग ज्या त्या हातानें एका घरांतून दुसऱ्या घरांत गेला हें त्यानें दाखवून दिलें, व आपल्याहि हातानें कित्येकींस तो गेला असें स्वतःचें नांव घालून लिहिलें. सुइणी खवळल्या, गांव उलटलें, गॉर्डनला ॲबर्डीन सोडावें लागलें. नांव छापण्याचा हा परिणाम पाहिला म्हणजे व्हिएन्नाच्या मौनास एक समंजस कारण असूं शकेल असेंहि वाटतें. तरीपण साधन म्हणून पाहतां गॉर्डनची ७७ नांवांची लहान यादी व्हिएन्नाच्या अडतीस हजार प्रसूतींच्या कोष्टकाहून एका बाबतींत वरचढ आहे: तिच्यांतून प्रत्येक हाताचा माग काढतां येतो. व्हिएन्नाचें कोष्टक दोन जमातींस तोलतें, गॉर्डनची यादी माणसांस तोलते. सुईण व वैद्य यांची जबाबदारी ठरवावयाची तर दुसऱ्या प्रकारचा कागद लागतो.

आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. पहिल्या शाळेंतील पुष्कळशा आजारी बाळंतिणी मोठ्या इस्पितळाच्या इतर भागांत हलविल्या जात व तेथें मरत; हे मृत्यु शाळेच्या रकान्यांत पडत नसत. दुसऱ्या शाळेंतून असें क्वचित् होई. हें सेमेलवाइसनेंच सांगितलें आहे. म्हणजे ९.९२ हा आंकडाहि खऱ्याहून कमीच. नोंदवहींत मृत्यूची जागा बदलली कीं दोषाची जागा बदलते, हा कारकुनी चमत्कार केवळ व्हिएन्नाचा नव्हे.

ग्रंथाच्या उत्तरार्धाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. त्यांत विरोधकांचीं लांबलचक अवतरणें व त्यांचीं तितकींच लांब खंडनें आहेत, एकच मुद्दा दहा ठिकाणीं येतो, आणि संताप वाढत जातो तसा युक्तिवाद पातळ होतो. १९४१ सालीं मर्फी यानें इंग्रजी भाषांतर केलें. १९८३ सालच्या कार्टरच्या भाषांतरांत हा भाग बराच गाळला आहे. वाचकाच्या सोयीसाठीं तें योग्यच, पण अभ्यासकानें गाळलेलें आवर्जून पाहावें. पॅरिसच्या सुइणींसारखा मुद्दा अशा वादाच्या धुराळ्यांतूनच हातीं लागतो.

आपल्याकडील कित्येकांस हें सर्व वाचून सुश्रुताची आठवण होईल. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत प्रसूतिसमयीं चार स्त्रिया असाव्या, त्या निःशंक विश्वासाच्या, प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मांत कुशल व नखें कापलेल्या असाव्या असें सांगितलें आहे. वचन सुंदर आहे व त्यांत सुईणीच्या हाताची चिंता आहे. पण त्यावरून सूतिकाज्वराचें जंतुकारण आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणणें म्हणजे एका शब्दावर वाडा बांधणें होय. पास्तरनें सांखळीसारखे जंतु दाखविले ते १८७९ सालीं. सेमेलवाइसलाहि ते ठाऊक नव्हते, तो कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यापर्यंतच पोंचला होता. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत पदवीसाठीं लिहिलेला प्रबंध हिंदु आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. म्हणजे आमच्या परंपरेचें ह्या विषयाशीं नातें जोडण्याचा अभ्यास मराठी स्त्रीनेंच प्रथम आरंभिला. तो पुढें न्यावयाचा तर वचनांच्या बरोबरीनें नोंदी लागतील.

अशा नोंदी अजून कोठें कोठें असतील. मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ सालचें. दायांना शिकविण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ति निधि १९०३ सालीं निघाला. त्या काळच्या संस्थानी इस्पितळांच्या, मिशनच्या दवाखान्यांच्या व नगरपालिकांच्या प्रसूतिवह्या जुन्या बाजारांत रद्दीच्या भावानें येतात आणि मोडीचें पान नाहीं म्हणून संग्राहक त्या उचलीत नाहींत. वही हातीं आल्यास तिच्यांत प्रसूति कोणी केली याचा रकाना आहे कीं नाहीं, वैद्यास केव्हां पाचारण झालें याची वेळ टिपली आहे कीं नाहीं, आणि दुसरीकडे हलविलेल्या बाळंतिणींचा पुढील उल्लेख सांपडतो कीं नाहीं, ह्या तीन गोष्टी आधीं पाहाव्या. ज्यांच्या संग्रहीं अशी वही असेल त्यांनीं ती वांटून न टाकतां, पानें न फाडतां, कोऱ्या पानांसकट ठेवावी. व्यक्तींचीं नांवें प्रसिद्ध न करितां तिचें वर्णन ह्या त्रैमासिकाकडे पाठविल्यास छापण्याची व्यवस्था होईल.